ध्वनिनाट्य, अनिर्मित विज्ञानकथांचे

दूरचित्रवाणीसाठी योजलेली वा लिहून पूर्ण झालेली, परंतु कधीही चित्रित न झालेली विज्ञानकथा केवळ ध्वनीच्या साहाय्याने साकार करणारा नाट्यप्रकार. संवाद, निवेदन, ध्वनिपरिणाम, संगीत आणि नि:शब्दता ही त्याची साधने होत. नभोवाणीवरून प्रसारित होणाऱ्या नाटकास मराठीत ‘नभोनाट्य’ व त्याच्या लघुरूपास ‘श्रुतिका’ असे म्हणतात. प्रस्तुत प्रकारातील नाटके मात्र बहुधा ध्वनितबकड्यांच्या वा अंकीय ध्वनिमुद्रणाच्या रूपाने थेट श्रोत्यांच्या हाती पडत असल्याने त्यांस ‘ध्वनिनाट्य’ ही अधिक व्यापक संज्ञा योग्य ठरते. हा प्रकार मुख्यत्वे ब्रिटनमध्ये, बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथामालेच्या अनुषंगाने, २००९ पासून सुसूत्रपणे विकसित झाला.

‘अनिर्मित’ आणि ‘लुप्त’ या दोन संज्ञांतील भेद येथे लक्षात घ्यावयास हवा. अनिर्मित कथा कागदापलीकडे गेलेलीच नसते. लुप्त कथा एकदा प्रसारित होऊन नंतर तिचे मुद्रण नष्ट झालेले असते. नायजेल नील या ब्रिटिश नाटककाराचे ‘द रोड’ हे नाटक बीबीसीने १९६३ मध्ये दूरचित्रवाणीवरून सादर केले. त्याचे मुद्रण आज अस्तित्वात नाही, पण संहिता उरली होती. तीवरून २०१८ मध्ये बीबीसीच्या नभोवाणीने त्याचे श्राव्य रूपांतर प्रसारित केले. अठराव्या शतकातील एका इंग्रज खेड्यालगतच्या रानात भयाकुल आवाज ऐकू येतात; गावकरी ते भुताखेतांचे मानतात; प्रत्यक्षात ते भविष्यकाळातील अणुयुद्धातून पळणाऱ्या माणसांचे असतात, असे त्याचे कथानक आहे. मूळ कल्पनाच ध्वनीवर आधारलेली असल्याने हे नाटक श्राव्य माध्यमास विशेष अनुकूल ठरले.

कथा अनिर्मित राहण्याची कारणे : पहिले व सर्वांत सामान्य कारण खर्चाचे होय. विज्ञानकथेत परग्रह, अवकाशयाने, अपरिचित प्राणी व दूरचे कालखंड यांचे दर्शन घडवावे लागते. त्यासाठी लागणारे नेपथ्य, वेशभूषा व छायाचित्रणाच्या क्लृप्त्या महाग असतात. लेखकाला जे एका ओळीत लिहिता येते, ते उभे करण्यास निर्मात्याचा साऱ्या वर्षाचा निधी पुरत नाही. दुसरे कारण संपादकीय असते : संहिता-संपादक वा निर्माता बदलतो, मालेचे धोरण बदलते आणि मान्य झालेली कथा मागे पडते. तिसरे कारण संप, मालेची तहकुबी, लेखकाचे आजारपण वा मृत्यू यांसारखे आकस्मिक असते.

या तिन्ही कारणांची उदाहरणे ‘डॉक्टर हू’च्या इतिहासात आढळतात. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेल्या या मालेत ‘डॉक्टर’ नावाचा एक परग्रहवासी प्रवासी ‘टार्डिस’ या यानातून काळ व अवकाश यांत संचार करतो. मालेची दुसरी कथा म्हणून अँथनी कोबर्न यांची ‘द मास्टर्स ऑफ लक्सॉर’ ही यंत्रमानवांवरील कथा विचाराधीन होती. ती बाजूस ठेवण्यात आली व तिच्या जागी टेरी नेशन यांची डॅलेक या यंत्रबद्ध जीवांची कथा आली. डॅलेकांमुळे माला लोकप्रिय झाली. म्हणजे मालेचे पुढील भवितव्य एका कथेच्या अनिर्मितीतून घडले, असे म्हणता येते. कोबर्न यांची संहिता १९९२ मध्ये ग्रंथरूपाने व २०१२ मध्ये ध्वनिनाट्यरूपाने प्रसिद्ध झाली.

संपामुळे अपुऱ्या राहिलेल्या कथांत डग्लस ॲडम्स (१९५२–२००१) यांची ‘शाडा’ प्रसिद्ध आहे. १९७९ मध्ये केंब्रिज येथील बाह्यचित्रण व कलागृहातील काही चित्रण झाल्यावर बीबीसीतील संपामुळे काम थांबले. ॲडम्स यांनी तिच्यातील काही कल्पना पुढे आपल्या १९८७ मधील एका कादंबरीत वापरल्या. २००३ मध्ये तिचे ध्वनिनाट्य झाले, तर २०१७ मध्ये उरलेला भाग सचेतपटाने भरून ती पूर्ण करण्यात आली. ‘शाडा’ काटेकोर अर्थाने अनिर्मित नव्हे, अर्धनिर्मित होय. तथापि अपूर्ण कथेला आधी आवाज आणि मग चित्र, हा तिचा क्रम उद्‍बोधक आहे.

मोठ्या प्रमाणावर कथा मागे पडल्या त्या १९८५ मध्ये. त्या वर्षी फेब्रुवारीत बीबीसीने मालेचे पुढील सत्र लांबणीवर टाकले. सप्टेंबर १९८६ मध्ये माला परतली ती अगदी नव्या कथानकासह. मधल्या काळात लेखकांनी तयार केलेल्या संहिता व कथासूत्रे निरुपयोगी ठरली. मालेचे माजी निर्माते ग्रॅहम विल्यम्स यांची ‘द नाइटमेअर फेअर’ आणि फिलिप मार्टिन यांची ‘मिशन टू मॅग्नस’ यांसारख्या काही कथा १९८९–९० मध्ये कादंबरीरूपाने छापल्या गेल्या. इतर कागदपत्रांतच राहिल्या.

‘लॉस्ट स्टोरीज’ माला : बिग फिनिश या ब्रिटिश निर्मितिसंस्थेने १९९९ पासून ‘डॉक्टर हू’ची नवी ध्वनिनाट्ये काढण्यास प्रारंभ केला होता. माला दूरचित्रवाणीवर १९८९ मध्ये बंद पडली असली, तरी पूर्वीचे काही नट हयात व उत्सुक होते. दहा वर्षांच्या अनुभवानंतर, नोव्हेंबर २००९ मध्ये, संस्थेने ‘लॉस्ट स्टोरीज’ ही स्वतंत्र माला सुरू केली आणि तिची सुरुवात ‘द नाइटमेअर फेअर’ने केली. १९८५ मध्ये ज्यांच्यासाठी ही कथा लिहिली गेली, त्याच कॉलिन बेकर व निकोला ब्रायंट या नटांनी चोवीस वर्षांनी तिच्यातील आपापल्या भूमिका केल्या. चेहऱ्यावर वय दिसते, आवाजात ते त्या मानाने उशिरा जाणवते. दृक् माध्यमात जे अशक्य झाले असते, ते श्राव्य माध्यमात यामुळे साधले.

नंतरच्या वर्षांत मालेच्या आरंभकाळातील कथाही घेण्यात आल्या. मॉरिस फार्ही (१९३५–२०१९) यांनी १९६४ च्या सुमारास सादर केलेली ‘फेअरवेल, ग्रेट मॅसेडॉन’ ही सहा भागांची कथा २०१० मध्ये ध्वनिमुद्रित झाली. अलेक्झांडरचे बॅबिलन येथील अखेरचे दिवस हा तिचा विषय असून, तक्षशिलेहून त्याच्याबरोबर गेलेला भारतीय तपस्वी कॅलॅनस हेही तीत एक पात्र आहे. त्याच वर्षी टेरी नेशन यांची ‘द डिस्ट्रॉयर्स’ ही संहिताही ध्वनिनाट्यरूपाने आली. डॅलेकांवर स्वतंत्र माला निघावी या हेतूने त्यांनी ती १९६६ मध्ये लिहिली होती. ती माला कधीच निघाली नाही.

रूपांतराची पद्धती : रूपांतरकाराच्या हाती काय उरले आहे, यावर त्याच्या कामाचे स्वरूप ठरते. (१) संपूर्ण संहिता उपलब्ध असेल, तर काम मुख्यत: दृश्याचे श्राव्यात परिवर्तन करण्याचे असते. (२) प्रसंगवार आराखडा असेल, तर संवाद नव्याने लिहावे लागतात. (३) केवळ पानभर कथासूत्र असेल, तर रूपांतरकार वस्तुत: सहलेखक ठरतो. रॉबर्ट बँक्स स्ट्यूअर्ट यांची ‘द फो फ्रॉम द फ्यूचर’ ही कथा सूत्ररूपातच राहिली होती व तिची जागा १९७७ मध्ये दुसऱ्या कथेने घेतली होती. जॉन डॉर्नी यांनी तीवरून सहा भागांचे नाटक सिद्ध केले व ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रायन फिंच यांच्या ‘लेव्हायथन’ची गोष्ट निराळी आहे : लेखकाच्या निधनानंतर त्यांचे पुत्र पॉल फिंच यांनी वडिलांच्या संहितेचे रूपांतर केले.

दृश्याचे श्राव्यात परिवर्तन करताना काही अडचणी नेहमी उद्‍भवतात. पटकथेतील मूक प्रसंग, उदा., एखादे पात्र अंधाऱ्या बोळातून चालते व भिंतीवरील खूण पाहून थबकते, ध्वनिनाट्यात निरर्थक होतो. अशा वेळी त्या पात्रासोबत बोलण्यासाठी दुसरे पात्र द्यावे लागते, प्रसंग निवेदनात घ्यावा लागतो किंवा खुणेऐवजी एखादा आवाज योजावा लागतो. पात्रे जे पाहतात त्याचेच सतत वर्णन करू लागली, की संवाद कृत्रिम होतात. म्हणून कुशल रूपांतरकार माहिती थेट न देता भांडणातून, भीतीतून वा थट्टेतून देतो. एकाच प्रसंगात चारपाचांहून अधिक पात्रे बोलू लागल्यास श्रोता गोंधळतो; त्यामुळे पात्रे कमी करणे व नटांची निवड आवाजांच्या भिन्नतेवरून करणे आवश्यक असते. भागाचा शेवट दूरचित्रवाणीत पुष्कळदा एखाद्या भयप्रद दर्शनाने होतो. ध्वनिनाट्यात तो एखाद्या वाक्याने, किंकाळीने वा आवाज अकस्मात तुटल्याने करावा लागतो.

मूळ नट हयात नसल्यास दोन मार्ग अवलंबिले जातात. विल्यम हार्टनेल (मृत्यू १९७५) आणि पॅट्रिक ट्रॉटन (मृत्यू १९८७) हे पहिले दोन ‘डॉक्टर’ दिवंगत झालेले असल्याने त्यांच्या काळातील कथांत हयात असलेल्या सहनटांनी निवेदन व संवाद असे दोन्ही केले. ‘फेअरवेल, ग्रेट मॅसेडॉन’मध्ये विल्यम रसेल व कॅरल ॲन फोर्ड यांनी आपल्या जुन्या भूमिकांबरोबरच निवेदनाचा व इतर पात्रांचा भारही वाहिला. हे सादरीकरण नाटक आणि अभिवाचन यांच्या सीमेवरचे आहे; आपल्याकडील कीर्तनकार वा कथेकरी एकट्याच्या वाणीने अनेक पात्रे उभी करतो, त्याच्याशी त्याचे नाते जुळते. दुसरा मार्ग म्हणजे त्या भूमिकेसाठी नव्या नटाची योजना करणे.

गुणदोष : विज्ञानकथेला श्राव्य माध्यम मानवते, याचा दाखला या प्रकाराच्या पूर्वीपासून मिळतो. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स यांनी अमेरिकेत एच्. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’चे बातमीपत्राच्या घाटणीने केलेले नभोनाट्य सर्वज्ञात आहे. डग्लस ॲडम्स यांची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ ही मालाही प्रथम १९७८ मध्ये नभोवाणीवरून आली. ग्रंथ व दूरचित्रवाणीमाला नंतरची होत. परग्रहाचे नेपथ्य श्रोत्याच्या कल्पनेत उभे राहते व त्याचा खर्च कोणालाच येत नाही. ज्या कारणाने कथा चित्रित होऊ शकली नाही, तेच कारण येथे गैरलागू होते.

तथापि काही आक्षेपही विचारार्ह आहेत. पहिला प्रामाण्याचा : १९६४ मधील संहिता २०१० मध्ये ध्वनिमुद्रित झाली, तर ती कोणत्या काळाची म्हणावी? मूळ निर्मिती झाली असती, तर दिग्दर्शक, संपादक व नट यांनी तालमीत तिच्यात बदल केलेच असते. म्हणून रूपांतर हे ‘जे घडले असते’ त्याचे नव्हे, तर ‘जे लिहिले गेले’ त्याचे दर्शन होय. दुसरा आक्षेप जुन्या समजुतींचा : डिक शार्प्लिस यांच्या ‘द प्रिझन इन स्पेस’ या स्त्रीराज्यावरील प्रहसनवजा कथेतील दृष्टिकोन २०१० मधील श्रोत्याला खटकणारा होता, अशा वेळी तो तसाच ठेवावा की बदलावा, हा प्रश्न उरतो. तिसरा आक्षेप कलात्मक : काही कथा मागे पडल्या त्या योग्य कारणानेच. दुर्मिळता हा गुण नव्हे, हे रूपांतरकाराने व श्रोत्याने विसरता कामा नये.

या साऱ्यांतून निष्पन्न होणारी मुख्य गोष्ट अशी, की अनिर्मित कथेचे पुनरुज्जीवन तंत्रावर नव्हे, तर जतनावर अवलंबून असते. ‘डॉक्टर हू’च्या १९६०–६९ या दशकातील अनेक भागांच्या चित्रफिती बीबीसीने त्या काळी पुसून टाकल्या वा नष्ट केल्या, पण त्यांपैकी प्रत्येक भागाचा ध्वनी आज उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरच्या ध्वनिमुद्रकावर तो टिपून ठेवला होता. संस्थेने टाकले ते घरांनी सांभाळले. अनिर्मित कथांच्या बाबतीतही लेखकाच्या कपाटातील कागद हा महत्त्वाचा दुवा होता.

भारत व महाराष्ट्र : भारतातील सर्वांत प्रसिद्ध अनिर्मित विज्ञानकथा दूरचित्रवाणीची नसून चित्रपटाची आहे. सत्यजित राय (१९२१–९२) यांनी १९६७ मध्ये ‘द एलियन’ ही पटकथा लिहिली. तिची बीजे त्यांच्या ‘बंकुबाबूर बंधू’ (१९६२) या बंगाली कथेत आढळतात. बंगालमधील एका खेड्याच्या तळ्यात अवकाशयान उतरते आणि पाण्यावर दिसणारे त्याचे टोक गावकऱ्यांना देवळाचे वाटते, असा तिचा प्रारंभ आहे. एका अमेरिकन चित्रसंस्थेशी झालेला व्यवहार फिसकटल्याने चित्रपट झाला नाही. पटकथा २०१८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिचे ध्वनिनाट्य करावयाचे झाल्यास तळ्यातील टोक दाखविण्याची गरज पडणार नाही. पहाटे पाण्यावर आलेल्या बायकांची कुजबुज, धावत्या मुलांचे पाय आणि थोड्याच वेळात सुरू झालेला घंटानाद एवढ्याने यान व गावकऱ्यांची श्रद्धा दोन्ही उभी राहतील.

मराठीत विज्ञानकथा आणि नभोनाट्य या दोन्ही परंपरा समृद्ध आहेत. त्यांची गाठ मात्र क्वचित पडली. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ मध्ये झाली. तिच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी १९७४ मध्ये टोपणनावाने पाठविलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पारितोषिकपात्र ठरली आणि मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा लाभली. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर आदींनी ती पुढे नेली. परंतु हा बहर मुख्यत: मासिके, दिवाळी अंक व ग्रंथ यांत राहिला. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तरी विज्ञानकथेला लागणारा खर्च मराठी दूरचित्रवाणीला सहसा पेलला नाही. विज्ञानासाठी नभोवाणीचा मोठा उपयोग झाला तो १९९० नंतरच्या दशकात ‘मानव का विकास’ या १४४ भागांच्या मालेने. आकाशवाणीच्या अनेक केंद्रांवरून ती विविध भारतीय भाषांत प्रसारित झाली.

साधने तोकडी असताना वाणीवर नाट्य तोलून धरण्याची परंपरा महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला जिवंत आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या धानाच्या व वनांच्या पट्ट्यास ‘झाडीपट्टी’ म्हणतात. धानाची कापणी आटोपल्यावर, दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, मंडई व शंकरपट यांच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके होतात. वडसा (देसाईगंज) हे नाटकमंडळ्यांचे केंद्र आहे. गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्यातही ही परंपरा रुजलेली असून, त्याच तालुक्यातील गुरनोलीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री हा बहुमान मिळाला. तालमी थोड्या व प्रयोग अनेक, यामुळे या रंगभूमीवर संहिता हाती घेऊन नटांना वाक्ये पुरविणाऱ्या प्रॉम्प्टरला विशेष महत्त्व असते. त्याच्या हातातील वही हरवली, तर नाटकाचा मोठा भाग हरवतो.

याच वहीमुळे प्रस्तुत विषयाचा येथील जीवनाशी संबंध येतो. ज्या संहितेला गावाकडून मागणी आली नाही किंवा जिच्या नेपथ्याचा खर्च मंडळीला झेपला नाही, ती येथेही अनिर्मितच राहते. या भागात दूरचित्रवाणी पोहोचण्यापूर्वी आकाशवाणीचे नागपूर केंद्र (स्थापना १९४८) हेच घराघरातील नाट्यगृह होते. झाडीबोली, गोंडी, छत्तीसगढी व हलबी एकमेकींशेजारी नांदणाऱ्या कुरखेड्यासारख्या तालुक्यात तर श्राव्य नाट्याला आणखी एक सोय आहे : एकच संहिता आवाज बदलून दुसऱ्या बोलीत नेता येते; त्यासाठी नवे नेपथ्य लागत नाही. वनप्रदेशातील कल्पक लेखकाने अवकाशयान धानाच्या बांधीत उतरविले, तर ते चित्रित करण्यास कोणी पुढे येईलच असे नाही. ऐकविण्यास मात्र चार चांगले आवाज, एक ध्वनिमुद्रक आणि जपून ठेवलेली वही पुरेशी आहे. पहिल्या दोन गोष्टी आज सहज उपलब्ध आहेत. तिसरीची जबाबदारी लेखकाच्या कुटुंबावर, नाटकमंडळ्यांवर आणि ग्रंथालयांवर येते. संहिता सुरक्षित राहिली, तर न घडलेले नाटक पन्नास वर्षांनीही घडू शकते, हेच या नाट्यप्रकाराने सिद्ध केले आहे.